तुम्ही मूळचे कुठले?

“हेन्री, जरा ताठ उभे राहा बरं,” म्हणत सुजीत नगरकरने हेन्रीच्या काळ्या जाकिटावरची नावाची जुनी पट्टी काढली आणि तिथे नवी लावली. पितळेची, चकचकीत. हेन्रीने हनुवटी छातीला टेकवून ती उलटी वाचली.

“सर, ही दुसऱ्या कुणाची तरी आलीय. एन्रिके लिहिलंय.”

“तुमचीच आहे. हेन्रीला स्पॅनिशमध्ये एन्रिके म्हणतात. आजपासून फ्लोअरवर तुम्ही एन्रिके.”

जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका उंच इमारतीच्या तळमजल्यावर ते रेस्टॉरंट होतं. दोन वर्षांपूर्वी दुपारी तिथे टेबल मिळत नसे. मग मंदी आली. वरच्या मजल्यांवरची ऑफिसं एकेक करून बंद झाली, रात्री इमारतीकडे पाहिलं की निम्म्याहून जास्त खिडक्या काळ्या दिसत. जुन्या मालकाने हात झटकले. नव्या मालकाने रेस्टॉरंट घेतलं, निम्मा स्टाफ घरी पाठवला आणि ठरवलं की आता इथे लॅटिन अमेरिकन खाणं आणि गाणं चालेल. त्याला वेटरही तिकडचेच हवे होते. पण तिकडून माणसं आणायची म्हणजे तिकीट, व्हिसा, जागा, सगळंच आलं. तेव्हा मॅनेजर सुजीतने स्टाफच्या नावांवरून नजर फिरवली. सान्तोस नावाचा एक फिलिपिनो पोरगा होता, नावच स्पॅनिश, त्याचं काम झालं. आणि वसईचा हेन्री घोन्साल्विस होता.

“तुम्हाला खरं सांगू का,” सुजीत दार लोटून घेत म्हणाला, “मालकांनी तुमच्या नावावर फुली मारली होती. मी म्हटलं, सर, घोन्साल्विस आहे तो, बघा तर. त्या आडनावानं वाचलात तुम्ही.”

“पण कुणी विचारलं तर काय सांगू? कुठला म्हणून?”

“कोण विचारतंय? आणि विचारलंच तर म्हणायचं, फॅमिली मूळची पोर्तुगीज साइडची. खोटं आहे का ते?”

खोटं आहे की खरं, हे हेन्रीलाही धड सांगता आलं नसतं. चार-साडेचारशे वर्षांपूर्वी वसईच्या किल्ल्यात कुण्या घोन्साल्विस नावाच्या पाद्र्याने त्याच्या कुण्या पूर्वजाच्या डोक्यावर पाणी ओतलं होतं, आणि जाताना आपलं नाव मागे ठेवून तो गेला होता. त्यापलीकडे पोर्तुगालचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता. बाप केळी आणि पानवेली लावायचा. हेन्री गावच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकला. घरात ते कादोडी बोलत, वसईच्या त्या पट्ट्यापलीकडे कुणाला ठाऊक नसलेली मराठीची एक बोली. इथे दुबईत चर्चमध्ये लोक त्याला गोव्याचा समजून कोंकणीत बोलत. मराठी दुकानात तो हिंदीत बोलेल असं धरून चालत. खुद्द सुजीत, पुण्याचा अस्सल मराठी माणूस, पहिलं वर्षभर त्याच्याशी हिंदीतच बोलत होता. एकदा फोनवर हेन्री गावच्या भावाशी बोलताना त्याने ऐकलं तेव्हा म्हणाला होता, “अरे वा, तुम्हाला मराठी येतं? आणि चांगलं येतं हो.”

हेन्रीने तेव्हा फक्त मान हलवली होती.

*

अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये, दोन खोल्यांपैकी एक भाड्याने दिलेली, तिथे त्या रात्री त्याची बायको जोसेफिन हसून हसून बेजार झाली.

“एन्रिके! सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, बाप्तिस्मा परत केला काय रे पोराचा?”

“हस तू. पगार चालू राहिला ना.”

“ते आहेच रे,” ती एकदम गंभीर झाली. ती बर दुबई भागात एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची, पण तिचा आणि मुलीचा व्हिसा हेन्रीच्या नोकरीवर होता. ती नोकरी गेली की तिघांनाही जावं लागणार. समोरच्या बिल्डिंगमधली तीन कुटुंबं वर्षभरात गेली होती. एकांनी तर सोफा लिफ्टपाशीच सोडला होता.

चौदा वर्षांची क्रिस्टिना पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, “डॅड, दॅट्स लाइक, लाइंग. यू आर नॉट लॅटिनो.”

“मग लॅटिनो म्हणजे कोण गं?”

तिने पुस्तक मिटलं. शाळेत तिच्या वर्गात एक ब्राझीलची आणि एक मेक्सिकोची मुलगी होती, आणि त्या दोघींची यावरून जुंपत असे. मेक्सिकोची म्हणायची, स्पॅनिश बोलतो तो लॅटिनो. ब्राझीलची म्हणायची, मग आम्ही कोण? तिसरीच कुणी म्हणाली होती, स्पेनचे लोक स्पॅनिशच बोलतात पण ते लॅटिनो नाहीत, ते नुसते युरोपियन. क्रिस्टिनाने हे सगळं भराभर इंग्रजीत सांगितलं. “इट्स कॉम्प्लिकेटेड,” शेवटी ती म्हणाली. “बट यू आर डेफिनेटली नॉट.”

तरी दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने त्याला कॉम्प्युटरपाशी बसवलं. बुएनास तार्देस म्हणजे शुभ दुपार. ग्रासियास म्हणजे आभार. सी म्हणजे हो, क्लारो म्हणजे अर्थात. पोरगी त्याचे उच्चार पुन्हा पुन्हा सुधारून घेत होती, जीभ कुठे लावायची ते दाखवत होती. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जी कधी मराठीत उत्तर देत नसे, ती बापाला तासभर एक परकी भाषा मन लावून शिकवत होती. हेन्रीला त्याचं वाईट वाटावं की बरं, ते कळेना. त्याने ते शब्द घोकले.

*

नव्या रेस्टॉरंटला गिऱ्हाईक रात्रीचं. दुपारी चारच्या सुमाराला सगळं सुनसान असायचं. पखवाजासारखे दिसणारे दोन उंच ढोल कोपऱ्यात उभे, भिंतीवर रंगीत मुखवटे, आणि किचनमध्ये पेशावरचा जहूर मांसाला मसाला चोळत उर्दूत रेडिओ ऐकत बसलेला. त्याच वेळेला ती बाई यायची.

सत्तरीकडे झुकलेली, बारीक, केस नीट बांधलेले, गळ्यात लहानसा क्रूस. त्याच इमारतीत वरच्या एका फ्लॅटमध्ये मुलाकडे राहायची. कोलंबियाची. मुलगा आंद्रेस एका बिल्डरच्या कंपनीत इंजिनिअर होता आणि दिवसभर बाहेर. इंग्रजी तिला जवळजवळ येत नव्हतं. पहिल्या दिवशी हेन्री कॉफी घेऊन गेला आणि क्रिस्टिनाने शिकवलं होतं तसं म्हणाला, “बुएनास तार्देस, सेन्योरा.”

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे. “एन्रिके,” ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की हेन्रीला पुढचं काही सांगायचं धैर्यच झालं नाही.

तिचं नाव एल्विरा. ती रोज येऊ लागली. ती बोलायची, तो ऐकायचा. ती थांबली की तो म्हणायचा, सी, सेन्योरा. कधी क्लारो. ती हसली की तो हसायचा. एकदा तिने विचारलं, “दे दोंदे?” त्याला तो शब्द कळला. कुठला? जगभर सगळ्यांनी त्याला हाच प्रश्न विचारला होता.

“वसई,” तो म्हणाला.

“व्हसाय,” तिने शब्द तोंडात घोळवला. “ब्रासील?”

काउंटरपाशी सुजीत उभा होता. हेन्रीने मान हलवली, म्हणजे हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्यालाही सांगता आलं नसतं. एल्विराबाईंनी ती हो म्हणूनच घेतली.

जहूर किचनच्या खिडकीतून हे बघत असे. “हेन्री भाई, बुढी को सच बता दे,” एकदा तो म्हणाला. “अल्ला को भी जवाब देना है.”

“बताऊंगा.”

“कब? इन्शाल्ला वाला बताऊंगा, या सच वाला?”

हेन्रीला सांगायचंच होतं. पण सांगायला शब्द हवेत, आणि तिला कळतील असे शब्द त्याच्याकडे नव्हते. शिवाय ती दुपार त्यालाही आवडायला लागली होती. तिच्या बोलण्याला एक लय होती, त्याच्या आईच्या बोलण्याला होती तशी. वाक्याच्या शेवटी आवाज खाली आणायची, आणि मग उसासा. आई गेली तेव्हा सुट्टी मिळाली नव्हती.

जानेवारीतल्या एका दुपारी एल्विराबाई आल्या त्या हातात फोन घट्ट धरून. बसल्या नाहीत. हेन्री पुढे झाला तसा त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि बोलायला लागल्या. एरवीसारखं नव्हे. शब्दावर शब्द चढत होते, मध्येच तुटत होते, मग पुन्हा. हेन्रीने त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाजूला गुडघ्यावर टेकून बसला, वेटरने गिऱ्हाइकासमोर बसायचं नसतं हे विसरून. त्यांच्या बोलण्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. एर्माना. त्या थांबल्या, त्याच्याकडे बघितलं, काहीतरी विचारलं असावं.

“सी, सेन्योरा,” हेन्री म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली, जणू हेच उत्तर त्यांना हवं होतं. जाताना त्यांनी त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. गावातली म्हातारी माणसं मुलांच्या कपाळावर काढतात, अगदी तसाच.

घरी आल्यावर त्याने क्रिस्टिनाला विचारलं, “एर्माना म्हणजे काय?”

“सिस्टर. व्हाय?”

“काही नाही,” हेन्री म्हणाला. त्या रात्री जोसेफिनला त्याने सांगितलं, “म्हातारीची बहीण गेली असणार. किंवा आजारी असेल. मला काय ठाऊक. मी हो म्हटलं.”

“कशाला हो म्हटलंस?”

“तेच तर माहीत नाही.”

*

मार्चमध्ये आंद्रेसची कंपनी बंद झाली. जाण्याआधी त्याने मित्रांना जेवायला बोलावलं, आणि बोलावलं ते ह्याच रेस्टॉरंटमध्ये. आठ-नऊ जणं. कुणी अर्जेंटिनाचा, कुणी स्पेनचा, एक ब्राझीलची उंच बाई, कुणाची तरी इंग्रज बायको. तिच्यासाठी सगळे इंग्रजीत बोलत होते. टेबलाच्या टोकाला एल्विराबाई होत्या, ठेवणीतला काळा पोशाख घालून.

हेन्री वाढत होता. दुसरा ग्लास झाल्यावर गप्पा रंगल्या, आणि विषय निघाला तो रेस्टॉरंटवरूनच. अर्जेंटिनावाला म्हणाला, इथल्या भिंतीवर मेक्सिकोचे मुखवटे, ताटात आमच्याकडचं मांस आणि गाणं क्यूबाचं. ह्यांच्या लेखी आम्ही सगळे एकच. स्पेनचा म्हणाला, लॅटिन भाषा रोमची, तेव्हा खरा लॅटिन म्हणायचं तर मी. त्यावर एकच गलका झाला. तू आमच्या जमिनी लुटल्यास, आता नावही घे, असं कुणी हसत म्हणालं. ब्राझीलची बाई म्हणाली, “मी तीस वर्षांची होईपर्यंत मला कुणी लॅटिना म्हटलं नव्हतं. न्यूयॉर्कला उतरले आणि एका दिवसात झाले.”

हेन्री पाण्याचा जग घेऊन उभा होता. त्याला हे बोलणं विलक्षण ओळखीचं वाटत होतं.

एल्विराबाईंना मुलाने थोडं समजावून सांगितलं असावं. त्या हसल्या, हेन्रीकडे बोट दाखवून काही बोलल्या.

“आई म्हणते, एन्रिकेला विचारा,” आंद्रेस म्हणाला. “तोही ब्राझीलचाच आहे.”

ब्राझीलची बाई आनंदाने वळली आणि पोर्तुगीजमध्ये एक लांबलचक वाक्य बोलली. सगळं टेबल हेन्रीकडे बघत होतं. काउंटरपाशी सुजीतने हातातला पेन खाली ठेवला.

“सॉरी, मॅडम,” हेन्री इंग्रजीत म्हणाला. “मला येत नाही. मी इंडियाचा. बॉम्बेजवळ वसई म्हणून गाव आहे.”

“पण तुमचं नाव?”

“हेन्री घोन्साल्विस.”

“घोन्साल्विस तर आमच्याकडचं.”

“हो मॅडम. तुम्हाला ज्यांनी दिलं त्यांनीच आम्हाला दिलं.”

स्पेनचा माणूस मोठ्याने हसला. ब्राझीलची बाईही हसली, तिने हेन्रीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, मग आपण लांबचे नातेवाईकच की. कुणी टाळी वाजवली. कुणाला राग आला नव्हता. त्यांच्या दृष्टीने ती त्या संध्याकाळची सगळ्यात मजेची गोष्ट होती.

एल्विराबाई तेवढ्या हसत नव्हत्या. त्यांना काय झालं ते कळलेलं नव्हतं. त्यांनी मुलाची बाही ओढली. आंद्रेसने खाली वाकून हळू आवाजात सांगितलं. त्यांनी हेन्रीकडे पाहिलं, मग पुन्हा मुलाला काहीतरी विचारलं. आंद्रेसचं हसू मावळलं.

“आई विचारतेय,” तो म्हणाला, “जानेवारीत तिने तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती. ती तुम्हाला कळली होती का?”

हेन्रीने जग टेबलावर ठेवला. हो म्हणावं असं त्याच्या मनात आलं. पण हो म्हणून म्हणूनच तर इथवर आलो, हेही आलं.

“नाही,” तो म्हणाला. “एक शब्द कळला. बहीण.”

आंद्रेसने ते आईला सांगितलं. म्हातारीने मान डोलवली. ती रागावली नाही, रडली नाही. तिने मांडीवरचा रुमाल उचलला, त्याच्या कडा जुळवून घडी घातली, ताटाशेजारी ठेवली, आणि हेन्रीकडे न बघता एक लहानसं वाक्य बोलली.

हेन्री थांबला. पण आंद्रेसने ते वाक्य इंग्रजीत केलं नाही.

त्या आठवड्यात माय-लेक कोलंबियाला गेले. हेन्रीने वर जाऊन भेटायचं ठरवलं होतं. लिफ्टपर्यंत गेला, आणि वर जाऊन काय बोलायचं या विचाराने परत आला.

*

तक्रार कुणी केली नव्हती. तरी एप्रिलच्या सुरुवातीला सुजीतने त्याला पुन्हा आत बोलावलं. टेबलावरच्या वस्तू उगाच इकडच्या तिकडे करत राहिला.

“एका बंद पडलेल्या हॉटेलमधला एक माणूस मिळालाय. कोलंबियाचा. हातचं सगळंच गेलंय त्याचं, तुमच्याच पगारावर यायला तयार आहे. मालक म्हणाले...”

“खरा आहे,” हेन्री म्हणाला.

“हो. खरा आहे.” सुजीतने चष्मा काढला. “मी पुष्कळ बोललो हो. खलास म्हणाले. ऐकत नाहीत. माझंही काय, आज आहे उद्या नाही.”

हेन्रीला त्याची दया आली. हा माणूस वाईट नव्हता. पितळेची पट्टी काढून त्याने टेबलावर ठेवली.

महिनाभरात देश सोडायचा होता. हेन्रीने दुसरीकडे नोकरी बघितली. पंचेचाळिशीच्या वेटरला त्या वर्षी दुबईत कोण विचारत होतं? उम्म अल कुवैनला एका मराठी माणसाचं कँटीन होतं, तिथे फोन केला. तो फोनवर आस्थेने बोलला, नाव विचारलं, आणि नाव ऐकल्यावर म्हणाला, “असं होय. नाही, आम्हाला जरा आपल्यातला माणूस हवा होता.” हेन्रीने “ठीक आहे” म्हणून फोन ठेवला.

ह्याच दिवसांत सुजीतच्या बायकोचा, अनुपमाचा फोन आला. महाराष्ट्र राज्याला पन्नास वर्षं होत होती. त्यांचं मराठी मंडळ मोठा कार्यक्रम करणार होतं, महाराष्ट्राच्या सगळ्या भागांतली लग्नाची गाणी. सुजीतला हेन्रीसाठी काहीतरी करायचं होतं म्हणून त्याने सुचवलं असावं.

“जोसेफिन, तुमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवर पाणी आणायला जातात ना? ते गाणं तुम्ही म्हणाल का? वसईचं असं काहीच नाहीये आमच्याकडे.”

जोसेफिन आधी नको म्हणाली. मग रात्री भांडी घासताना गुणगुणायला लागली. घर आवरायचं होतं, सामान विकायचं होतं, पण तिचं लक्ष त्या गाण्यात. विहिरीला बोलावणं करायचं गाणं ते. बाई, तुझं पाणी दे, आमची पोर परक्या उंबऱ्याला चाललीय. तिने गावाला फोन करून जावेकडून विसरलेली कडवी घेतली. सासूबाईंचं लाल लुगडं बॅगेच्या तळाशी होतं, ते काढून गॅलरीत हवेला टाकलं. तालमीला अनुपमाने तिला मिठी मारली. “किती वेगळं आहे हे,” ती म्हणाली. “आणि किती आपलं आहे.”

कार्यक्रमाच्या शुक्रवारी दुपारी तिघं निघाले. हॉल चालत जाण्यासारखा नव्हता, बसने गेले. जोसेफिनने लुगडं घरूनच नेसलं होतं, कारण नऊवारी नेसायला वेळ लागतो आणि तिथे जागा असेल की नाही कुणास ठाऊक. क्रिस्टिना दोन पावलं मागे चालत होती.

हॉलच्या दाराशी सुजीत उभा होता. रेशमी कुर्ता, कपाळाला घाम. त्याने हेन्रीला बाजूला घेतलं.

“हेन्री, एक प्रॉब्लेम झालाय. काल रात्री कमिटीची मीटिंग झाली. काही सीनिअर लोक म्हणाले, गाणं छान आहे, पण शब्द कळत नाहीत. ही मराठी आहे का, असा प्रश्न आला.”

“मग कसली आहे?” मागून जोसेफिन म्हणाली. तिने ऐकलं होतं.

“मराठीच आहे हो. मी तेच म्हटलं. पण ते म्हणतात, लोकांना गोव्याचा कार्यक्रम वाटेल. कन्फ्युजन होईल. आजचा दिवस फक्त महाराष्ट्राचा. त्यांचं म्हणणं, ख्रिसमसला आपण खास...”

“ख्रिसमसला आम्ही इथे नाही,” हेन्री म्हणाला.

आतून माईक तपासल्याचा आवाज आला. फेटे बांधलेली पोरं धावत गेली. अनुपमा दारापर्यंत आली, जोसेफिनला पाहून थबकली, तिचे डोळे भरले होते. “मी भांडले,” ती म्हणाली, “खूप भांडले. तुम्ही आत तरी या ना. पहिल्या रांगेत बसा. जेवण आहे.”

हेन्रीने जोसेफिनकडे पाहिलं. आत जाऊन बसावं, चार लोकांत वाद कशाला, असं त्याला वाटत होतं. आयुष्यभर त्याने असंच केलं होतं. पण तो काही बोलायच्या आत जोसेफिन म्हणाली, “नको, अनुपमा. घरी पॅकिंग पडलंय. तुमचा कार्यक्रम चांगला होऊ दे.” आवाजात राग नव्हता. तिने अनुपमाचा हात हातात घेतला, दाबला आणि सोडला.

रस्त्यावर ऊन रणरणत होतं. बसस्टॉपच्या काचेच्या खोलीत गारवा होता, तिथे तिघं उभे राहिले. एका मल्याळी बाईने जोसेफिनकडे वरपासून खालपर्यंत कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, “राजस्थान?” जोसेफिन नुसती हसली.

“मॉम, डू यू वॉन्ट टू चेंज समव्हेअर?” क्रिस्टिनाने विचारलं. “देअर्स अ मॉल.”

“कशाला?” जोसेफिन म्हणाली.

बस आली ती भरलेली. पुढचा भाग बायकांचा, मागे पुरुष. हेन्री मागच्या दाराने चढला आणि दांडी धरून उभा राहिला. गर्दीतून त्याला पुढचं तुटक तुटक दिसत होतं, लाल रंग तेवढा ठळक. जोसेफिनला बसायला जागा मिळाली. लुगड्याचा सोगा पायरीपाशी लोंबत होता, आणि दार मिटणार तेवढ्यात क्रिस्टिना खाली वाकली. तिने तो सोगा गोळा करून आईच्या मांडीवर ठेवला, आणि बस सुरू झाल्यावरही त्यावरचा हात काढला नाही.

जोसेफिन खिडकीबाहेर बघत होती. तिचे ओठ हलत होते. हेन्रीने कान दिला, पण इंजिनाच्या आवाजात त्याला काही ऐकू आलं नाही.